अनियमित क्रियापदांचे नियम

दुपारच्या वेळी कुठल्याही शाळेच्या व्हरांड्यातून जाताना एक ओळखीची लय कानावर येते. गो–वेन्ट–गॉन, सिंग–सँग–संग, ब्रिंग–ब्रॉट–ब्रॉट. पाढ्यांसारखीच ही क्रियापदे आपण सर्वांनी पाठ केली. फरक एवढाच, की बे दुणे चार का होतात हे कधी ना कधी मणी मांडून दाखवता येते. सिंगचे सँग होते आणि ब्रिंगचे मात्र ब्रँग न होता ब्रॉट होते, ते का, हे कोणी दाखवत नाही. एखाद्या विद्यार्थ्याने धीर करून विचारलेच तर उत्तर ठरलेले असते : "तो अपवाद आहे, पाठ कर."

आम्हीही हे उत्तर अनेक वर्षे दिले. त्यात खोटे काही नव्हते, पण ते अर्धवट होते. ज्यांना आपण अपवाद म्हणतो त्यांतले बहुतेक शब्द एकेकाळी कुठला ना कुठला नियम अगदी काटेकोरपणे पाळत होते. तो नियम पुढे मेला आणि शब्द मागे राहिले. पडक्या किल्ल्यात एखादा जिना उघड्या आभाळाकडे चढत गेलेला दिसतो. तो वेड्याने बांधलेला नसतो. वरचा मजला पडलेला असतो एवढेच. या लेखात आपण त्या पडलेल्या मजल्यांचा माग काढणार आहोत. गंमत म्हणजे त्या वाटेवर संस्कृत आणि मराठी या दोन्ही भाषा आपल्याला भेटणार आहेत, आणि त्याही उगाच नव्हे, नात्याने.

बंध आणि बद्ध

इंग्लंडमध्ये पाचव्या शतकापासून जर्मेनिक टोळ्या येऊन वसल्या. त्यांच्या बोलींपासून जी भाषा बनली तिला अभ्यासक जुनी इंग्रजी म्हणतात. या भाषेत तीनशेहून अधिक क्रियापदे अशी होती, की त्यांचा भूतकाळ शेवटी प्रत्यय लावून होत नसे. धातूच्या पोटातला स्वर बदलून होत असे. 'बांधणे' या अर्थाचे क्रियापद पाहा. बांधणे म्हणजे बिंदन, मी बांधले म्हणजे बांद, आम्ही बांधले म्हणजे बुंदोन आणि बांधलेला म्हणजे बुंदेन. पिण्याचेही तसेच : द्रिंकन, द्रांक, द्रुंकोन, द्रुंकेन. इ, आ, उ, उ असा हा साचा. याच साच्यात गाणे, पोहणे, सुरू करणे अशी क्रियापदे ओळीने बसत. असे एकूण सात साचे होते. बोलणाऱ्या मुलाला प्रत्येक क्रियापद वेगळे पाठ करावे लागत नसे. साचा कळला की काम भागे. म्हणजे हा नियमच होता, फक्त आजच्यापेक्षा वेगळा.

हा नियम इंग्रजीने स्वतः घडवलेला नव्हता. २ फेब्रुवारी १७८६ रोजी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे बोलताना सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एकाच मूळ स्रोतातून निघाल्या असाव्यात असे मत मांडले. हे साम्य धातूंमध्ये आणि व्याकरणाच्या रूपांमध्ये आहे, यावर त्यांचा भर होता. इंग्रजी ज्या जर्मेनिक शाखेतली, तीही याच कुळातली असावी असेही त्यांनी सुचवले. पुढे याकोब ग्रिम यांनी (परीकथा गोळा करणाऱ्या दोन भावांपैकी हे थोरले) १८१९ पासून प्रसिद्ध होत गेलेल्या आपल्या जर्मन व्याकरणात जर्मेनिक भाषांमधल्या या स्वरबदलाची पद्धतशीर मांडणी केली. स्वर बदलून भूतकाळ करणाऱ्या क्रियापदांना त्यांनी 'सबल' म्हटले आणि प्रत्यय लावणाऱ्यांना 'दुर्बल'. ही नावे आजही चालतात.

आता मूळ भाषेतला हा स्वरबदल संस्कृतात कसा दिसतो ते पाहू. 'बन्ध्' या धातूपासून बंध, बंधन हे शब्द होतात. पण भूतकाळवाचक विशेषण होते 'बद्ध'. मधला न कुठे गेला? मूळ भाषेत धातूचे एक भरलेले रूप होते आणि एक आक्रसलेले. आक्रसलेल्या रूपात स्वर गळून पडे आणि नुसता न उरे. त्या उरलेल्या न चा उच्चार संस्कृतने 'अ' केला, म्हणून 'बद्ध' झाले. जर्मेनिक बोलींनी त्याच न चा 'उन्' केला, म्हणून 'बुंदेन' झाले. थोडक्यात, आपण लेखात 'बंध' आणि 'बद्ध' असे दोन शब्द लिहितो आणि इंग्रजीच्या तासाला 'बाइंड' आणि 'बाउंड' शिकवतो, तेव्हा एकच जुनी करामत दोनदा करत असतो. पाणिनीच्या व्याकरणात गुण आणि वृद्धी या नावांनी जे आपण शिकतो (इ चा ए, उ चा ओ) ते याच कुटुंबातले.

मग आजचे उच्चार आय आणि आउ असे का? जुन्या इंग्रजीच्या उत्तरकाळात 'न्द' या जोडाक्षरापूर्वीचे स्वर लांबले : बीन्द, बून्द. पुढे साधारण १४०० ते १७०० या काळात इंग्रजीतल्या सगळ्याच दीर्घ स्वरांनी जागा बदलल्या. दीर्घ ई चा आय झाला आणि दीर्घ ऊ चा आउ. म्हणून बाइंड–बाउंड, फाइंड–फाउंड, ग्राइंड–ग्राउंड. ड्रिंकमधला स्वर लांबला नव्हता, त्यामुळे तो या उलथापालथीतून सुटला. एकाच साच्यातली भावंडे आज परकी दिसतात ती यामुळे.

मराठीत हा स्वरबदल पार संपलेला नाही, हे आपल्या चटकन लक्षात येत नाही. पडणे–पाडणे, मरणे–मारणे, तुटणे–तोडणे, फुटणे–फोडणे, सुटणे–सोडणे. पेला आपोआप फुटतो आणि कोणीतरी तो फोडतो. प्रत्यय नाही, आतला स्वर बदलला. हा वारसा संस्कृतातल्या गुण-वृद्धीचा आहे. सातवीतल्या मुलांना सिंग–सँग शिकवण्यापूर्वी फळ्यावर या पाच जोड्या लिहून पाहाव्यात. परकी वाटणारी गोष्ट घरातली निघते.

एकवचनाची भांडणे

एक प्रश्न चौकस विद्यार्थी हमखास विचारतात. राइड–रोड–रिडन होते, तर बाइट–बोट–बिटन का नाही? बाइट–बिट–बिटन का? जुन्या इंग्रजीत या दोघांचा साचा एकच होता : रीदन, राद, रिदोन, रिदेन आणि बीतन, बात, बितोन, बितेन. दुसरे रूप एकवचनी भूतकाळाचे आणि तिसरे अनेकवचनी. म्हणजे 'तो चावला' याला बात आणि 'ते चावले' याला बितोन. आता हा धातू संस्कृतात पाहा. तो आहे 'भिद्', फोडणे. त्याचा परोक्ष भूतकाळ : बिभेद, त्याने फोडले, बिभिदुः, त्यांनी फोडले. एकवचनात भरलेला स्वर आणि अनेकवचनात आक्रसलेला. कुठे वेदकाळातला सप्तसिंधूचा प्रदेश आणि कुठे टेम्सचा काठ! पण एकवचन-अनेकवचनाचा हा बारकावा दोन्हीकडे तसाच टिकला होता.

पुढे इंग्रजी भाषकांना भूतकाळात वचनाप्रमाणे वेगळा स्वर ठेवणे नकोसे झाले. दोनपैकी एक रूप टाकायचे ठरले (ठरले म्हणजे कोणी बैठक घेतली नव्हती, पिढ्यानपिढ्यांच्या बोलण्यात ते होत गेले). राइडने एकवचनाचे राद ठेवले, त्याचे रोड झाले. राइटचे रोट आणि ड्राइव्हचे ड्रोव्ह हीदेखील एकवचनाचीच मुले. बाइट आणि स्लाइड यांनी मात्र आखूड स्वराचे रूप ठेवले, म्हणून बिट आणि स्लिड. नियम दोघांचाही एकच होता. वाटणीत कोणाला काय आले यात फरक पडला.

फक्त एका क्रियापदाने वचनाचा भेद आजपर्यंत सोडलेला नाही. आय वॉज, वी वर. येथे स्वर तर बदलतोच, शिवाय स चा र होतो. हे कोडे कार्ल व्हर्नर या डॅनिश अभ्यासकाने १८७० च्या दशकात सोडवले आणि त्याची किल्ली त्याला संस्कृतात सापडली. वैदिक भाषेत शब्दातल्या कोणत्या अक्षरावर उदात्त स्वर येतो हे जपलेले आहे. या भूतकाळाच्या एकवचनात तो धातूवर असतो आणि अनेकवचनात प्रत्ययावर सरकतो. जर्मेनिक भाषांच्या पूर्वजांमध्येही स्वराघात असाच सरकत असे. आणि जेथे तो धातूवर नसे तेथे स हा व्यंजनध्वनी मऊ होऊन पुढे र झाला. जर्मेनिक भाषांमधून तो फिरता स्वराघात नाहीसा होऊन दोन हजार वर्षे होत आली. वेदपाठकांनी तो मुखोद्गत ठेवला नसता, तर वॉज आणि वर यांचे गूढ उकलणे फार अवघड गेले असते.

त्या क्रियापदाविषयी आणखी एक. त्याची रूपे इतकी विजोड आहेत, कारण ती एका धातूची नाहीतच. अ‍ॅम आणि इज हे 'अस्' धातूचे : अस्मि, अस्ति. बी हे 'भू' धातूचे. वॉज हे 'वस्' धातूचे, म्हणजे राहणे, वस्ती करणे. तीन धातूंनी मिळून चालवलेला हा एक संसार आहे.

वेन्टची कथाही याच जातीची. जाण्याच्या जुन्या क्रियापदाचा भूतकाळ होता 'एओदे'. वेन्ड नावाचे दुसरे एक क्रियापद होते, वळणे किंवा मार्ग धरणे या अर्थाचे. सेन्ड–सेन्ट तसे वेन्ड–वेन्ट. पंधराव्या शतकापर्यंत इंग्रजीने एओदे टाकून वेन्ट उसने घेतले आणि ते परत केले नाही. याला आपण हसण्याचे कारण नाही. मराठीत जाणे हे संस्कृत 'या' धातूपासून आले आणि गेला हे 'गम्' धातूच्या 'गत' पासून. जातो–गेला म्हणजे आपले गो–वेन्टच. होणे 'भू' पासून आणि झाला 'जात' पासून, हेही तसेच.

'केले' जोडून झालेला भूतकाळ

आता ज्याला आपण नियमित म्हणतो त्या ईडी प्रत्ययाकडे वळू. तो मागाहून आलेला आहे. नामांपासून बनवलेली किंवा प्रयोजक अर्थाने घडवलेली क्रियापदे जर्मेनिक बोलींमध्ये वाढू लागली, तेव्हा त्यांना जुने स्वरबदलाचे साचे बसेनात. मग काय करायचे? बहुतेक अभ्यासकांच्या मते त्यांनी एक साधी युक्ती काढली. क्रियापदाच्या मागे 'केले' या अर्थाचा शब्द जोडला. इंग्रजी डू आणि डिड, संस्कृत 'धा', हे त्याचे गोत्र. चौथ्या शतकातल्या गॉथिक बायबलमध्ये हा जोड उघड दिसतो. 'आम्ही वाचवले' याला तेथे 'नसिदेदुम' असा लांबलचक शब्द आहे आणि त्यातला 'देदुम' म्हणजे जवळजवळ डिडच. पुढे घासून घासून त्याचा ड तेवढा उरला.

ही युक्ती मराठी माणसाला नवी नाही. फोन, डाउनलोड, फॉरवर्ड हे शब्द आपल्याकडे आले, तेव्हा आपण त्यांना 'फोनला', 'डाउनलोडला' असे चालवत बसलो नाही. फोन केला, डाउनलोड केले, फॉरवर्ड केले. परका शब्द जसाच्या तसा ठेवायचा आणि काळ-वचनाचे ओझे 'करणे' वर टाकायचे. आणखी हजार वर्षांनी 'फोन केला' चा घासून एकच शब्द झाला, तर त्या काळच्या मराठीला एक नवा प्रत्यय मिळेल!

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढच्या तीन-चार शतकांत फ्रेंच क्रियापदांचा लोंढा इंग्रजीत शिरला. त्यांतल्या जवळजवळ सगळ्यांना हाच प्रत्यय लागला, कारण तो कोणालाही लागतो. त्याचे राज्य पक्के झाले ते तेव्हा.

परंतु प्रत्यय लावणाऱ्या क्रियापदांतही अनियमित दिसणारी खूप आहेत. कीप–केप्ट घ्या. जुन्या इंग्रजीत मूळ रूप होते केपन, त्यात ए दीर्घ. भूतकाळ केप्ते, हाही अगदी नियमित. पुढे एक ध्वनिनियम आला : जोडाक्षरापूर्वीचा दीर्घ स्वर र्‍हस्व करायचा. त्यामुळे केप्ते मधला ए आखूड झाला. नंतर दीर्घ ए चा ई झाला, तेव्हा केपनचे कीप झाले. आखूड ए मात्र जागचा हलला नाही. फील–फेल्ट, मीट–मेट, फीड–फेड, लीड–लेड ही सारी याच रांगेतली. जोडाक्षरापूर्वी दीर्घ स्वर नकोसा वाटणे हे आपल्याही भाषेच्या इतिहासात आहे. संस्कृत रात्रि, प्राकृत रत्ति. जोडाक्षर सुटे झाल्यावर मराठीत तो पुन्हा लांबला : रात.

थॉटच्या स्पेलिंगमधल्या जी-एच या मुक्या अक्षरांचा मुलांना फार राग येतो. ती मुकी नव्हती. थिंक आणि थॉट यांचे मूळ 'थांक्' असे होते. वर्तमानकाळात त्याच्यापुढे य यायचा. त्या य ने मागच्या आ ला आपल्याकडे ओढले, आ चा ए झाला. भूतकाळात थेट त यायचा : थांक्त. क आणि त एकत्र आले की जर्मेनिक भाषांत क चा घशातून घासत निघणारा ख होई. शिवाय मधला अनुनासिक गळून स्वर लांबला, जसे आपल्या दन्त चे दात झाले. अशा रीतीने थोख्ते हे रूप तयार झाले. तो घासता ख पुढे लेखनिकांनी जी-एच असा लिहिला. नंतर उच्चार गेला आणि लिपी राहिली. ब्रॉट, सॉट, टॉट यांमध्येही क किंवा ग यांच्यापुढे त आल्याची हीच खूण आहे. स्कॉटलंडमध्ये तळ्याला लॉख म्हणतात. त्या शब्दाच्या शेवटी हा ध्वनी अजून ऐकू येतो.

पुट, कट, हिट, सेट यांचे कोडे तर एका वाक्यात सुटते. ज्या धातूच्या शेवटी त आहे त्याला त लावला आणि नंतर शेवटचे स्वर गळाले, तर वेगळे काही उरत नाही. मेड आणि हॅड ही वापराने झिजलेली नाणी आहेत. मेकमधला क आणि हॅवमधला व बोलता बोलता पडून गेला.

कोण टिकते?

तीनशेहून अधिक सबल क्रियापदांपैकी बरीच एकतर भाषेतून गेली किंवा ईडी लावू लागली. हेल्पचा भूतकाळ एकेकाळी होल्प होता. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये 'होल्पन' हे रूप अजून सापडते. क्लाइम्ब, बेक, स्टेप, वॉक, लाफ ही सारी एके काळची सबल क्रियापदे आज गुपचूप ईडी लावून उभी आहेत. मग सिंग का टिकले आणि हेल्प का नाही? आणि गो, सी, टेक, गेट, कम ही रोजची क्रियापदेच नेमकी अनियमित का? विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा अन्यायच आहे. जी सर्वांत आधी शिकावी लागतात तीच सर्वांत वाकडी.

२००७ साली हार्वर्ड विद्यापीठातल्या एरेझ लीबरमन, मार्टिन नोवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' मध्ये याचे मोजमाप प्रसिद्ध केले. जुन्या इंग्रजीतली १७७ अनियमित क्रियापदे त्यांनी घेतली. मध्ययुगीन इंग्रजीत त्यांतली १४५ अनियमित राहिली आणि आज ९८. कोणते क्रियापद किती वापरले जाते हे ताडून पाहता एक सुबक संबंध निघाला. एखादे क्रियापद दुसऱ्याच्या शंभरपट कमी वापरात असेल, तर ते दहापट वेगाने नियमित होते. म्हणजे वेग वापराच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असतो. किरणोत्सारी मूलद्रव्यांना जसा अर्धायुष्काल असतो तसाच क्रियापदांनाही काढता येतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी अर्धायुष्काल शिकवताना हे उदाहरण जरूर घ्यावे.

कारण समजायला अवघड नाही. मूल जुने रूप टिकवते ते पुन्हा पुन्हा ऐकून. वेन्ट दिवसातून पन्नास वेळा कानावर पडते, ते विसरायला सवडच मिळत नाही. वर्षातून दोनदा ऐकलेले रूप ऐन वेळी आठवले नाही, की बोलणारा हाताशी असलेला प्रत्यय लावून मोकळा होतो. तसे पुरेशा लोकांनी, पुरेशा पिढ्या केले की तेच बरोबर ठरते. मराठीतही बसला, चालला, धावला, हसला हे सरळ. आणि करणे–केला, जाणे–गेला, येणे–आला, होणे–झाला, मरणे–मेला, खाणे–खाल्ला ही वाकडी माळ सगळी घरातल्या रोजच्या वापराची. केला, गेला, मेला हे कृत, गत, मृत यांचेच वंशज. प्राकृतात त्यांना 'इल्ल' प्रत्यय लागला, आणि त्यातल्या इ ने मागच्या अ ला ए कडे ओढले.

आता त्या मुलाकडे वळू ज्याच्या वहीत आपण तांबडी खूण करतो. इंग्रजी घरातले लहान मूल आधी चक्क बरोबर 'वेन्ट' म्हणते. काही महिन्यांनी तेच 'गोएड' म्हणू लागते आणि पुन्हा काही काळाने 'वेन्ट' वर येते. मधल्या काळात ते बिघडले होते का? उलट, आधी ते नुसते ऐकलेले म्हणत होते. मधल्या काळात त्याला प्रत्ययाचा नियम सापडला. 'गोएड' हा शब्द त्याने कोणाच्याही तोंडून ऐकलेला नसतो, म्हणजे तो त्याने स्वतः तयार केलेला असतो. आपल्या घरातली तीन वर्षांची पोर "मी करलं" म्हणते तेव्हा तिनेही असेच काहीतरी केलेले असते. तिला आपण हसून, कौतुकाने "केलं म्हणावं" असे सांगतो. तीच चूक इंग्रजीच्या वहीत आली की आपला सूर बदलतो. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून आले, त्यामुळे हा प्रसंग आता फार लवकर उद्भवतो. ज्या मुलाने 'टीच्ड' लिहिले त्याला नियम कळला आहे आणि ज्याने काहीच लिहिले नाही त्याला तो कळलेला नाही. गुण देताना दोघांना सारखेच शून्य मिळते, हे आम्हाला आताशा बरे वाटत नाही.

प्रवाह एकाच दिशेने वाहतो असेही नाही. डिग पूर्वी नियमित होते, १६११ च्या बायबलमध्ये 'डिग्ड' आहे. मागाहून ते स्टिकचे पाहून डग झाले. स्टिक स्वतःही मुळात प्रत्ययवालेच होते. वेअरला प्रत्यय लागत असे. बेअर आणि स्वेअर यांच्या शेजाराने ते वोअर म्हणू लागले. रिंगने सिंगचा कित्ता गिरवला. स्ट्राइव्ह फ्रेंचमधून आलेले, तरी ड्राइव्हच्या पंगतीत बसून स्ट्रोव्ह झाले. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात डाइव्हचे डोव्ह आणि स्नीकचे स्नक ऐकू येऊ लागले. उच्चाराने सारखी असणारी चार-पाच क्रियापदे एकत्र राहिली की त्यांचा एक छोटासा नियम होतो आणि तो नवख्यांना ओढून घेतो.

वर्गात करून पाहण्याजोगे असे की पाठ्यपुस्तकामागची यादी वर्णानुक्रमे न घेता कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहावी आणि मुलांना आवाजावरून ढीग करायला सांगावे. काही सांगू नये. ड्रिंक-सिंग-स्विम एकीकडे जातील, फाइंड-बाइंड-ग्राइंड दुसरीकडे, कीप-स्लीप-मीट तिसरीकडे, पुट-कट-हिट चौथीकडे. गो आणि बी यांना घेऊन मुले थोडी घुटमळतील, ते योग्यच आहे. आम्ही हा खेळ केला तेव्हा थॉट-ब्रॉट-टॉटच्या ढिगात मुलांनी कॉट टाकले, कॅचचे. आवाजावरून ते बरोबरच होते. पण कॅच हा शब्द नॉर्मन फ्रेंचमधून आलेला आहे; थांक्त सारख्या कुठल्याही जुन्या रूपाशी त्याचा संबंध नाही. त्या काळी लॅच नावाचे अस्सल इंग्रजी क्रियापद पकडणे याच अर्थाने चालत होते, आणि त्याचा भूतकाळ जुन्या नियमाने 'लाख्ते' असा होई. पाहुण्याने यजमानाचे पाहून आपला भूतकाळ कॉट असा करून घेतला. पुढे लॅच मागे पडले, त्याचा अर्थ कडी लावणे एवढाच उरला, आणि आज ते मुकाट्याने ईडी लावून लॅच्ड होते. पाहुणा मात्र जी-एच सांभाळून त्या ढिगात अजून बसलेला आहे.